हाताची घरघर, वाटीभर पाणी: डायलिसिसवाल्यांचा धागा

कृष्णाकाठ

इथल्या आरोग्य विभागात मुतखड्यावर डझनभर धागे आहेत. डायलिसिसवर मात्र 'कुणी चांगला नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचा डॉक्टर) सुचवा' याच्या पलीकडे काही सापडलं नाही, म्हणून हा काढतोय. मी डॉक्टर नाही. पतसंस्थेत वसुलीचं काम करतो आणि २०१८ च्या दिवाळीपासून सोमवार-बुधवार-शुक्रवार चार-चार तास मशीनवर असतो. फिस्टुला, म्हणजे मशीनच्या सुया टोचण्यासाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा, डाव्या हाताला. मुक्काम सांगली.

सुरुवात स्वतःच्या गाढवपणापासून करतो.

डायलिसिस लागायच्या आधी दोन वर्षं मला 'प्रोटीन कमी' असं सांगितलेलं होतं. वरण वाटीभरच, अंडं बंद, मटणाचं तर नाव नको. त्या पायरीवर ते बरोबर होतं. पुढे डायलिसिस सुरू झालं, पण फ्रिजवर चिकटवलेला आहाराचा कागद कुणी काढला नाही आणि मी इमानेइतबारे तेच खात राहिलो. मशीनवर दर वेळी प्रोटीनचा थोडा अंश रक्तातून निघून जातो. म्हणजे आपल्याला उलट जास्त लागतं, किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम. हे माझ्या डोक्यात शिरायला आठ महिने गेले.

त्या आठ महिन्यांत काय झालं बघा. माझं ड्राय वेट ठरलं होतं ६४ किलो. नवीन लोकांसाठी: अंगात जादाचं पाणी नसताना जे वजन भरतं ते ड्राय वेट, मशीन तुम्हाला त्या आकड्यावर आणून सोडतं. सुटताना काटा ६४ दाखवायचा, सिस्टर लिहून घ्यायच्या, सगळे खूश. आणि घरी मी रात्री तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपत होतो. आडवा झालो की दम लागायचा. शेवटी बायको म्हणाली, "दंडाच्या काटक्या झाल्यात तुमच्या, मग वजन तेवढंच कसं राहतंय?"

तिचा प्रश्न बरोबर होता. मांस झडत होतं आणि त्याच्या जागी पाणी भरत होतं. काटा बिचारा दोन्ही एकत्रच मोजतो. डॉक्टरांना सांगितल्यावर छातीचा एक्स-रे निघाला, दोन-तीन आठवड्यांत ड्राय वेट हळूहळू ६० वर उतरवलं, तेव्हा कुठे मी एका उशीवर झोपलो. पुढे रोज अंड्यातला पांढरा भाग आणि अधूनमधून चिकन सुरू झालं, अंग भरलं, आता ६१.५ चालू आहे. याची उलटी बाजूही असते. तुम्ही चांगलं जेवून खरोखर वजनात भरलात आणि ड्राय वेट जुनंच ठेवलं, तर मशीन नको इतकं पाणी ओढतं. मग पायात गोळे, बीपी खाली, डोळ्यांपुढे अंधारी.

म्हणून मी आता सेंटरवर स्वतःहून तोंड उघडतो. भूक कशी आहे, किती उशा लागतात, घोट्यावर अंगठा दाबला तर खड्डा राहतो का, पँट सैल झाली का. हे मशीनला कळत नाही आणि डॉक्टर राउंडला पाचच मिनिटं असतात.

बाकीच्यांनी आपापले अनुभव लिहा. पथ्याच्या छापील याद्या नकोत, त्या सगळ्यांकडे आहेत.

अबोली

काका, अगदी वेळेवर धागा काढलात. माझी आई, वय ६३, रत्नागिरी. दोन महिने झाले डायलिसिस सुरू होऊन. सध्या मानेतल्या नळीतून चालू आहे, फिस्टुलाचं ऑपरेशन तीन आठवड्यांपूर्वी झालं. तिने त्या हाताला हात लावणंच सोडलंय. आंघोळ करतानाही तो बाजूला धरते, जणू दुसऱ्या कुणाचा आहे. आत काहीतरी थरथरतंय म्हणते आणि त्याचीच भीती वाटते तिला.

आणि जेवणाचं काय करू? आम्ही भात-मासे खाणारी माणसं. कुणी म्हणतं मासे पूर्ण बंद, कुणी म्हणतं भात बंद. सोलकढी तर तिचा जीव की प्राण.

यंत्रापाशी

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, बारा वर्षं झाली. अबोलीताई, ती थरथर ही आनंदाची बातमी आहे. धमनी आणि शीर जोडल्यावर रक्त जोरात वाहतं, त्याची ती घरघर. आईंना सांगा, रोज सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना दुसऱ्या हाताची बोटं त्यावर ठेवायची. हात कानाजवळ नेला तर आवाजही येतो. मांजर मांडीवर घेतल्यावर जसं वाटतं तसं. ती घरघर मंदावली किंवा थांबली तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच तासाला सेंटरला फोन. गुठळी लवकर कळली तर फिस्टुला वाचण्याची शक्यता असते, उशीर झाला की नवीन ऑपरेशन.

त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त काढणं नाही, सलाईन नाही, घट्ट बांगड्या-घड्याळ नाही, कळशी उचलायची नाही, उशाखाली घेऊन झोपायचं नाही. दुसऱ्या दवाखान्यात गेलात की तिथली सिस्टर सवयीने तोच हात धरणार. तिथे भिडस्तपणा करू नका. डॉक्टरांनी परवानगी दिली की मऊ चेंडू दाबायचा व्यायाम. फिस्टुला सुईसाठी तयार व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, कधी जास्त.

तोवर मानेतली नळी. ती कोरडी राहिली पाहिजे म्हणजे राहिलीच पाहिजे. गळ्याखालून आंघोळ, शॉवर बंद. नळी उघडताना आईंच्या तोंडालाही मास्क हवा, फक्त आमच्या नाही. कुणी विसरलं तर आठवण करा. आणि डायलिसिस सुरू असताना किंवा घरी हुडहुडी भरून ताप आला तर क्रोसिन देऊन झोपवू नका. नळीतून रक्तात जंतू गेल्याची ती खूण असू शकते, लगेच दाखवायचं.

मिश्कीलराव

आमच्याकडे 'घरघर लागली' म्हटलं की नातेवाईकांना फोन जातात. तुमच्याकडे घरघर थांबली की फोन करायचा. हलकेच घ्या, पण या एका वाक्याने माझ्या मेव्हण्याला फिस्टुला तपासायची सवय लागली. रोज सकाळी बहीण स्वयंपाकघरातून ओरडते, "घरघर आहे का?" तो म्हणतो, "आहे आहे, अजून कुणाला बोलावू नकोस."

कृष्णाकाठ

मिश्कीलराव, हे उद्या सेंटरवर सांगतो.

अबोली, भात बंद कुणी सांगितला? डायबेटिस असेल तर प्रमाण ठरवावं लागेल, पण पोटॅशियमच्या (खाण्यातून येणारा हा क्षार आपली किडनी बाहेर टाकू शकत नाही) हिशेबात पांढरा भात आपला मित्रच आहे. ताजे मासेही चालतात, तेच आपलं प्रोटीन. घात करतं ते सुकट, सुके बोंबील, खारवलेला बांगडा. मीठच मीठ.

आणि मिठाचा हिशेब एकदा डोक्यात बसला ना, की तहानेचं अर्धं कोडं सुटतं. साधारण ८-९ ग्रॅम मीठ पोटात गेलं की शरीर त्याच्या जोडीला एक लिटर पाणी मागतं. मागतं म्हणजे घेतल्याशिवाय गप्प बसत नाही. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, बेकरीची खारी सगळं आलं. 'पाणी कमी प्या' असं नुसतं सांगणं म्हणजे पोराला फटाके हातात देऊन वाजवू नको म्हणण्यासारखं आहे. आधी मीठ काढा.

मला लघवी आता जवळपास नाही. ज्यांना होते त्यांना चोवीस तासांतली लघवी अधिक ५०० मिली असा साधा नियम बहुतेक डॉक्टर देतात. मी सकाळी अर्ध्या लिटरची बाटली भरून ठेवतो. चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून कुंडीत ओततो. ताक, आमटी, आइस्क्रीम, औषधाबरोबरचा घोट, सगळं त्या बाटलीतूनच जातं. पेला कपाटात ठेवून दिला, आता पाणी आमटीच्या वाटीने पितो. दोन घोटांत वाटी रिकामी होते, पण मनाला 'वाटीभर प्यालो' असं वाटतं. मन असं फसतं हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. फारच कोरड पडली तर चूळ भरून टाकायची, नाहीतर बर्फाचा एक खडा. लिंबाची फोड नुसती चाटली तरी तोंडाला पाणी सुटतं.

यंत्रापाशी

पाण्यावरून आमच्या बाजूचं सांगतो. दोन डायलिसिसच्या मधे वजन ड्राय वेटच्या चार टक्क्यांच्या आसपासच वाढलेलं बरं. कृष्णाकाठांच्या ६१.५ ला ते अडीच किलोच्या आत. चार-साडेचार किलो घेऊन आलात तर आम्ही काढू शकतो का? मशीन काढेल, हृदय सोसणार नाही. तासाला किलोमागे १३ मिलीपेक्षा जास्त वेगाने पाणी ओढू नये असं मानतात. ६० किलोच्या माणसाला चार तासांत ३.१ लिटर झाले. त्याच्या वर गेलं की बीपी कोसळतं, गोळे येतात, पेशंट आमच्यावर ओरडतो.

आणि वर म्हणतो, "आज साडेतीन तासांतच सोडा, बस आहे." हे सगळ्यात वाईट. अर्धा तास कमी केला की तेच पाणी आणखी जोरात ओढावं लागतं.

दुसरं, वजन करताना चप्पल, मोबाईल, किल्ल्यांचा जुडगा. एक आजोबा थंडीत स्वेटर-मफलरसकट वजन करायचे आणि सुटताना स्वेटर काढून. सहाशे ग्रॅम पाणी कागदावरच निघालेलं असायचं.

डायलिसिसच्या सकाळी बीपीची गोळी घ्यायची की नाही, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. शेजारच्या खुर्चीवरच्याला विचारू नका, डॉक्टरांना विचारा.

अवांतर: एका माणसाच्या एका डायलिसिसला मशीन मिनिटाला ५०० मिली द्रावण वापरतं. चार तासांचं १२० लिटर. त्यासाठी मागे आरओचा अख्खा प्लांट धडधडत असतो. ज्यांना अर्ध्या लिटरवर दिवस काढायचा त्यांच्या पाठीमागून पिंपंच्या पिंपं वाहत असतात, रोज बघून मलाच कसंतरी होतं.

वऱ्हाडी_ठेचा

नमस्कार भौ. बुलडाणा जिल्हा, पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. आमच्या इकडं जमिनीतलं पाणी खारं हाय अन् किडनीचे पेशंट गावोगाव. माह्या बाबाले आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागते. जायले-यायले साठ किलोमीटर. पैशाचं कोणी लिहीनच तर बरं होईन, काऊन की पथ्य त पाळू, गाडीभाडं कुठून आणू?

कृष्णाकाठ

भाऊ, मला माहीत आहे ते सांगतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस टेबल टाकून बसलेला असतो, रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांचे कागद घेऊन आधी त्याला गाठा. केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ ला सुरू झाला, त्यातून जिल्हा रुग्णालयांत मशीनं आली आहेत. तुमच्या जवळच्या सरकारी रुग्णालयात कुठली पाळी रिकामी आहे ते विचारत राहा, सकाळची मिळत नाही पण रात्रीची कधीकधी मिळते. एसटीत डायलिसिसच्या रुग्णांसाठी प्रवासाची सवलत आहे, कुठली कागदपत्रं लागतात ते आगारात विचारा. रेल्वेत किडनी रुग्णाला आणि सोबतच्या एकाला सवलत मिळते.

आठवड्यातून दोनदा असेल तर मधले दिवस लांब पडतात. बाबांचं पाणी-मीठ-पोटॅशियम आमच्यापेक्षा कडक सांभाळावं लागेल. तिसरं कधी जमेल ते डॉक्टरांशी बोलून ठेवा.

निसर्गमित्र

इतकी यंत्रं आणि गोळ्या कशाला? पुनर्नवा आणि गोखरूचा काढा सकाळ-संध्याकाळ, रोज एक नारळपाणी, आणि मिठाऐवजी ते नवीन 'लो सोडियम' मीठ. आमच्या ओळखीत एकाचं डायलिसिस सुटलं.

यंत्रापाशी

निसर्गमित्र, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंत, पण या तीनपैकी दोन गोष्टी डायलिसिसच्या माणसाला रात्रीत संपवू शकतात.

नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर. 'लो सोडियम' मिठात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. किडनी चालू असेल तर ते लघवीवाटे जातं. आपल्या पेशंटला दुसरी वाटच नाही. पोटॅशियम साडेपाचच्या वर गेलं की काळजी, साडेसहा-सातला हृदयाचे ठोके बिघडतात. आधी कधीकधी पाय जड पडतात, हातापायात त्राण नसल्यासारखं वाटतं. कधीकधी काहीच जाणवत नाही, तेच भयंकर. पाय अचानक लुळे वाटले किंवा छातीत धडधड अडखळली, तर डायलिसिसच्या दिवसाची वाट बघायची नाही. अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठायचं आणि दारातच सांगायचं: डायलिसिस पेशंट आहे, पोटॅशियम बघा.

काढ्याचं म्हणाल तर तो आधी पाणी, मग वनस्पतींचा अर्क. भस्मं असतील तर जड धातूंचा प्रश्न वेगळा. काहीजणांचं डायलिसिस सुटतं हे खरं आहे, कारण त्यांची किडनी तात्पुरती बिघडलेली असते, गॅस्ट्रो, मलेरिया किंवा लेप्टोनंतर. ती आपोआप सावरते आणि श्रेय काढ्याला जातं.

मांडवीतीर

गोव्याहून. यात एक भर घालतो, कारण आमच्याकडे हे परसात असतं. कमरख, कुणी करंबळ किंवा करमल म्हणतात, कापलं की चांदणी दिसते ते फळ. किडनीच्या रुग्णाने चाखायलाही नको. त्यातलं विष निरोगी किडनी बाहेर टाकते, आपल्यात ते मेंदूपर्यंत पोचतं. आधी न थांबणारी उचकी, मग गोंधळल्यासारखं होणं, मग झटके. माझ्या वडिलांना एका फळानंतर उचकी लागली, आम्ही साखर चाटवत बसलो. नशीब दुसऱ्या सकाळी डायलिसिस होतं आणि तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काय खाल्लं?"

निशिगंध

मी पोटाच्या डायलिसिसवर आहे, पुण्यात शाळेत शिकवते. दिवसातून चार वेळा दोन लिटरची पिशवी पोटात सोडायची, आधीची काढायची. शाळेत मधल्या सुट्टीत ग्रंथालयामागच्या खोलीत माझी एक पिशवी होते. हुकावर लटकवलेली पिशवी, दारावर आतून कडी, बाहेर पोरांचा गोंगाट.

गंमत म्हणजे इथे तुम्ही सगळे पोटॅशियमला घाबरताय आणि मला डॉक्टरांनी केळं खायला सांगितलंय! आमचं पोटॅशियम रोज थोडंथोडं निघत असतं, माझं फारच खाली गेलं होतं. प्रोटीन मात्र तुमच्यापेक्षाही जास्त जातं. म्हणून कुणाच्याही पथ्याची चिठ्ठी उचलून स्वतःला लावू नका, आधी आपलं डायलिसिस कुठलं आणि आपला रिपोर्ट काय ते बघा.

आमचा रोजचा एकच पाठ: निघालेली पिशवी वर्तमानपत्रावर ठेवायची. खालची अक्षरं वाचता आली तर ठीक. गढूळ दिसली, अक्षरं पुसट झाली, पोट दुखतंय, तर पिशवी फेकायची नाही, तीच घेऊन रुग्णालयात जायचं. हात धुण्यात आळस केल्यावर मला एकदा झालाय हा संसर्ग. पंखा बंद, खिडकी बंद, मास्क, हात, तरी मी त्या दिवशी घाईत नळ कोपराऐवजी धुतलेल्या हातानेच बंद केला होता. तेवढंच कारण होतं का कुणास ठाऊक, पण मला तो नळ अजून दिसतो.

अबोली

सगळ्यांना धन्यवाद. भाज्यांचं विचारते. बटाटा, टोमॅटो, पालक, अळू, शेवग्याचा पाला बंद केलंय. दुधी, दोडका, पडवळ, कोबी, तोंडली चालू. चिरून पाण्यात ठेवते रात्रभर. बरोबर ना?

कृष्णाकाठ

नुसतं भिजवून फारसं निघत नाही. बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायचं आणि ते पाणी ओतून द्यायचं, मग फोडणी. कुकरमधे वाफवलं तर पोटॅशियम आतल्या आत राहतं. चव जाते, हे मान्य. लसूण, आलं, मिरं, लिंबाचे चार थेंब यांच्यावर निभावायचं. फळात सफरचंदाची फोड, अननसाचा तुकडा. चिकू, मोसंबी, फणस नाही. हापूसच्या दिवसांत मी डॉक्टरांना विचारून एक छोटी फोड खातो, पेटी बघून डोळे मिटतो.

सोलकढीत नारळाचं दूध आहे, मीठही आहे. पूर्ण बंद करू नका, माणूस जेवणातून उठेल. अर्धी वाटी, मीठ न घालता, आठवड्यातून एखादी, आणि ती पाण्याच्या बाटलीतून वजा. तुमच्या आहारतज्ज्ञांना विचारून घ्या मात्र.

उपासाचं कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगतो. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट आणि बटाटा, म्हणजे फॉस्फरस आणि पोटॅशियम हातात हात घालून. सैंधव हेही मीठच आहे, उपासाला चालतं म्हणून शरीराला चालत नाही. आईंना एकादशी सोडवत नसेल तर भगर बरी. तिळगुळाचा एक तुकडा जिभेवर, बाकी शेजाऱ्यांना.

यंत्रापाशी

फॉस्फरसचा विषय निघाला म्हणून. अंगाला खाज सुटते, पेशंट खोबरेल लावत बसतो. त्यामागे पुष्कळदा फॉस्फरस असतो. कॅल्शियम अॅसिटेट, सेव्हेलॅमर या गोळ्या जेवणाच्या घासांबरोबर घ्यायच्या. जेवणानंतर तासाने आठवलं तर उपयोग नाही, कारण ती गोळी अन्नातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवण्यासाठी आहे. निम्मे पेशंट रात्री सगळ्या गोळ्या एकदम तळहातावर घेऊन गिळतात. एक बाई पदराच्या टोकाला दोन गोळ्या बांधून ठेवायच्या, लग्नाच्या पंगतीतही. त्यांचा फॉस्फरस आमच्या सेंटरवर सगळ्यात चांगला.

आणि हिपॅटायटिस बीची लस. आपल्याला नेहमीच्या दुप्पट मात्रेत, चार डोस. झाली नसेल तर विचारा.

वऱ्हाडी_ठेचा

भौ, काल बाबाच्या सुईच्या जागेतून घरी आल्यावर रक्त आलं. आईनं टॉवेल गुंडाळला, टॉवेल सारा लाल. घाबरून गेलो आम्ही.

यंत्रापाशी

टॉवेल नको. टॉवेल रक्त पितो आणि कळतच नाही किती गेलं. स्वच्छ गॉजचा छोटा तुकडा, त्यावर दोन बोटं, नेमकं भोकावर दाबायचं आणि हात छातीच्या वर धरायचा. दहा-पंधरा मिनिटं न उचलता. सारखं उचलून बघायचं नाही. घट्ट दोरीने, रुमालाने आवळायचं तर मुळीच नाही, फिस्टुला बंद पडेल. पंधरा मिनिटांत थांबलं नाही किंवा पिचकारीसारखं उडालं, तर दाबलेलं ठेवूनच निघा. आणि फिस्टुलाच्या फुगवट्यावरची कातडी पातळ, चकचकीत झाली असेल किंवा तिथे खपली धरत नसेल तर रक्त येण्याआधीच दाखवा, ती जागा फुटू शकते. हेपॅरिनचा, म्हणजे मशीनवर रक्त गोठू नये म्हणून देतात त्या औषधाचा, डोस कमी करायचा का हेही पुढच्या वेळी विचारा.

निशिगंध

कृष्णाकाठ, तुम्ही सांगलीचे. २०१९ च्या पुरात काय केलंत? बरेच दिवस विचारायचं होतं.

कृष्णाकाठ

लिहितो.

गावभागात राहतो आम्ही, पहिल्या मजल्यावर. सोमवारी ५ ऑगस्टला डायलिसिस झालं. परत येताना पाऊस होता, तो काय नेहमीचाच. बुधवारी जिन्याच्या सातव्या पायरीवर पाणी. रस्ते बंद, वीज नाही. बुधवार चुकला. शुक्रवार चुकला. चारी बाजूंनी कृष्णामाई, आणि मला दिवसाला चार वाट्या पाणी.

सेंटरच्या टेक्निशियनचा फोन लागला तेव्हा तो एवढंच बोलला: "काका, आजपासून पाणी निम्मं, मीठ शून्य, फळ-भाजी-डाळ काही नाही. भात, तूप, साखर. पोटॅशियम उतरवायची पावडर डॉक्टरांनी दिली आहे ना? ती ते सांगतील तशी घ्या." मग माझा मोबाईल मेला. बायकोने गॅसवर पांढरा भात केला. तूप-साखर-भात, लहानपणी आजारी पडल्यावर देतात तसा. तीन दिवस तेवढंच.

मदतीचं पाकीट आलं दोरीने वर. त्यात केळी, खजूर, फरसाण, बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या. देणाऱ्याचे उपकारच आहेत, पण त्यातली बिस्किटं सोडली तर प्रत्येक गोष्ट माझ्यासाठी विष. शेजारच्या पोरांना दिलं सगळं. ती गॅलरीत बसून केळी खात होती आणि मी त्यांच्याकडे बघत होतो हे आठवतं.

शनिवारी बोट आली. 'आधी म्हातारी माणसं, बायका-पोरं' असं चाललं होतं आणि मी दिसायला धडधाकट. मी बाही वर करून त्या जवानाचा हात फिस्टुलावर ठेवला. त्याने चमकून हात मागे घेतला. काही न विचारता मला पुढे बसवलं. त्या रात्री मशीन मिळालं. पाच दिवसांत वजन वाढलं होतं ३.१ किलो, पोटॅशियम ५.९.

तेव्हापासून जून लागला की एक पिशवी दाराशी असते. शेवटच्या तीन डायलिसिसचे कागद, ड्राय वेट आणि हेपॅरिनचा डोस लिहिलेली चिठ्ठी, हिपॅटायटिस-एचआयव्हीचे रिपोर्ट, पाच दिवसांच्या गोळ्या, ती पावडर, साखरेची पुडी, चार्ज केलेली बॅटरी. हीच पिशवी घेऊन कोकणात गणपतीला जातो. तिथल्या सेंटरला महिनाभर आधी फोन करून पाळी ठरवलेली असते. कागद नसतील तर अनोळखी सेंटर मशीन लावत नाही, आणि ते त्यांच्या जागी बरोबर आहे.

मिश्कीलराव

यावर विनोद सुचत नाहीये. मेव्हण्याची पिशवी आजच भरतो. एक विचारायचं होतं: त्याचं ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव घालायचंय, पण हिमोग्लोबिन सातवर आलंय. रक्त चढवून घ्या म्हणतात नातेवाईक.

निशिगंध

रक्त चढवायच्या आधी डॉक्टरांना 'ट्रान्सप्लांट करायचंय' हे ठळक सांगा. दुसऱ्याचं रक्त चढलं की शरीरात विरोधी द्रव्यं तयार होऊ शकतात, मग किडनी जुळणं अवघड होतं. एरिथ्रोपोएटिनची, म्हणजे हिमोग्लोबिन वाढवणारी, इंजेक्शनं नेमाने चालू आहेत का आणि लोह पुरेसं आहे का ते आधी बघतात. जीवावर बेतलं तर रक्त द्यावंच लागतं, तो निर्णय त्यांचा. यादीत नाव ट्रान्सप्लांट करणाऱ्या रुग्णालयातर्फेच जातं, मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय समन्वय केंद्रं आहेत. माझं नाव पुण्याच्या यादीत आहे. फोन रात्री उशाशी असतो.

अबोली

धागा वर आणतेय. आईच्या फिस्टुलातून काल पहिल्यांदा सुई लागली! एकच सुई फिस्टुलात, दुसरी बाजू अजून नळीतून, पण लागली. रडली नाही. रात्री जेवताना पानात सुरमईचा तुकडा, भात आणि मोजून अर्धी वाटी सोलकढी. तिने वाटी तिरकी करून आत बघितलं आणि म्हणाली, "ही कुणाच्या बारशाची?" मग दोन बोटं मनगटावर ठेवली, मला म्हणाली, "तू बघ गो, आहे का घरघर." मी कान लावला. आहे.